सापडल्यावरही शोधणारे सर

आमच्या सरांचा चष्मा हरवला की ऑफिसातले सगळे हातातलं काम टाकून बघत बसायचे. चष्मा हरवण्यात नवल काही नव्हतं, नवल पुढं असायचं. सर आधी टेबलाचा वरचा खण उघडत. चष्मा तिथंच असायचा, कारण सर तो दुसरीकडं कुठं ठेवतच नसत. तो काढून डोळ्यांवर चढवत आणि चष्मा डोळ्यांवर असतानाच दुसरा खण उघडत. मग तिसरा. मग कपाट, शर्टाचे दोन्ही खिसे, डब्याची पिशवी. सगळं पाहून झालं की खुर्चीत बसत आणि समाधानानं म्हणत, "हाव. एकच हाय."

पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, माणूस थट्टा करतोय. महिनाभरानं कळलं की थट्टाबिट्टा काही नाही, हा त्यांचा पिंडच आहे.

आमचं ऑफिस नांदेडला वजिराबादेत, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. आम्ही सहा माणसं कॉलेजं, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट बनवायचो. सर आमच्यात सगळ्यांत वडील, पंचावन्नच्या पुढचे. पूर्वी कंधारला टाइपिंग शिकवायचे. टाइपरायटरचा जमाना सरला, तेव्हा चाळिशीत जाड जाड पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्रामिंग शिकले. रोज कंधारहून एसटीनं येत आणि एसटीनं जात. त्या एसटीतही तीच तऱ्हा. खिडकीची जागा मिळाली की रुमाल टाकून ठेवत आणि शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघून येत. परत येईस्तोवर रुमालावर कोणीतरी ऐसपैस बसलेलं असायचं. मग सर दांडीला धरून उभ्यानं घरी. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "बाकीच्या जागा बगितल्या ना," एवढंच म्हणायचे.

वेळ अमावस्येला त्यांनी मला शेतात भज्जी, ती शेंगा-भाज्यांची मिसळीची भाजी, खायला बोलावलं होतं. ताकातल्या अंबिलीचा गडवा माझ्या हातात देत काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सरांदेखत सांगितलं, "मला बगाया आले. पसंत हाय मनले. आन् तिथून उठून आनखी दोन गावच्या पोरी बगून आले. चार रोजानं माघारी येऊन मनत्यात, हीच पसंत हाय. माझ्या बापानं त्या टायमाला च्या बी पुसला न्हाई!"

सर भाकरी मोडत म्हणाले, "पन माघारी आलो का न्हाई?"

"आले. तेच माझं नशीब," काकू म्हणाल्या, आणि त्या कौतुकानं म्हणाल्या की वैतागानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

असं का करतात, याचा मी बरेच दिवस पिच्छा पुरवला. मला लहानपणापासून ही खोड आहे, माणसाच्या विचित्रपणाला काहीतरी कारण असणार आणि ते आपल्याला कळलंच पाहिजे. सरांकडं कारणांचा तोटा नव्हता. मालकांना ते म्हणाले होते, "कॉम्प्युटरला कंटाळा येत न्हाई, मंग मला कामून यावा?" खालच्या चहावाल्याला सांगितलं होतं की डॉक्टरनं हालचाल करायला सांगितलीय. मला एकदा म्हणाले, "लहानपनी शेळ्या राखल्या, माय. एक सापडली मनून घरी गेलं की बाकीच्या लांडग्याच्या." मला ते इतकं पटलं की मी काकूंना सांगितलं. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सरांच्या घरी शेळी कधी नव्हतीच.

माझी मुलाखतही त्यांनीच घेतली होती. मी लातूरहून प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आले होते. सरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यांच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी, स्टीलच्या ताटात तुरीची डाळ होती. डोकं चालेनासं झालं की सर घरची डाळ ऑफिसात निवडत बसायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"बग माय, खडा हाय का ह्याच्यात?"

मी ताट हलवलं, डाळ पसरली. अर्ध्या मिनिटात एक काळा खडा सापडला. तो मोठ्या दिमाखात त्यांच्यापुढं ठेवला. "आहे, सर."

"झालं?"

"झालं."

त्यांनी ताट स्वतःकडं ओढून घेतलं आणि खाली मान घालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवत गेले. डाळीच्याच रंगाचे आणखी दोन खडे काढून त्यांनी माझ्या खड्याशेजारी ठेवले. म्हणाले, "नोकरी दिली. पन तुझ्या हातचं वरन मी खानार न्हाई."

आता आमच्या कामातलं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वेबसाइटसाठी आम्ही जी भाषा वापरतो तिच्यात माहिती रांगेत मांडून ठेवता येते, शाळेच्या हजेरीपटासारखी. त्या रांगेला ॲरे म्हणतात. रांगेतलं काही शोधायचं तर दोन मुख्य हुकूम आहेत. एक फाइंड. ते पहिल्यापासून बघत जातं, हवं ते दिसलं की तिथंच थांबतं आणि तेवढंच आणून देतं. दुसरं फिल्टर. ते सापडलं तरी थांबत नाही, रांगेच्या टोकापर्यंत जातं आणि जुळतील तेवढे सगळे घेऊन येतं. सर कोणत्या पक्षाचे हे सांगायला नकोच. त्यांनी लिहिलेल्या हजारो ओळींत मला फाइंड एकदाही दिसलं नाही.

मी विचारलं, "सर, एकच पाहिजे असेल तर उगीच शेवटपर्यंत कशाला जायचं?"

"एकच हाय हे तुला कुनी सांगितलं?"

"यादीच तशी असते."

"यादी मानसानं केलेली असती, माय," ते म्हणाले. मग स्क्रीनकडं बोट करून, "त्या फाइंडला इच्यार, पुढं आनखी कोन हाय का? त्याला ठावंच न्हाई. खोटं बोलत न्हाई ते, बिचारं. पन त्याचं खरं तेवढंच."

मशीनला ते नेहमी बिचारं म्हणायचे. मालकांना कधी म्हटलेलं ऐकलं नाही.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे लातूरची एक संस्था होती. क्लाससाठी खेड्यांतून येणाऱ्या मुलींकरता त्यांचं वसतिगृह होतं. तिथं जागा मिळाली तर मुलगी शहरात शिकणार, नाही मिळाली तर घरी बसणार किंवा जवळच्या कॉलेजात नाव घालून गप्प राहणार. खोली भाड्यानं घेऊन मुलीला एकटी ठेवतील अशी ती घरं नव्हती. निकाल बघण्याचं पान सरांनी केलं होतं. मुलीनं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव टाकायचं, की निवड झाली का नाही ते कळायचं. जुळणारी एकाहून जास्त नावं निघाली तर पान आईचं नाव विचारायचं.

हे शेवटचं मला अगदीच सरकारी वाटायचं. तीन नावं आणि गाव, चारही सारखं असलेल्या दोन मुली कुठून येणार? एका साली सर भाच्याच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेले आणि मी त्यांचं फिल्टर काढून तिथं फाइंड घातलं. अकरा ओळींची एक ओळ झाली. मला इतका आनंद झाला की मी मालकांना बोलावून ती ओळ दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते वा वा म्हणाले.

सोमवारी निकाल लागला. निवड झालेल्या मुलींनी बुधवारी पाचच्या आत वसतिगृहात येऊन स्वतः सही करायची होती, नाहीतर जागा दुसरीला. मंगळवारी सर कामावर आले. माझी एक ओळ त्यांनी वाचली. जुन्या अकरा ओळी जागच्या जागी ठेवल्या, चारशेच्या वर नावं असलेली ती सगळी यादी कागदावर छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. जेवायची सुट्टी झाली, चहा झाला, तरी त्यांचं बोट चालूच होतं. चारच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली.

रेणापूर तालुक्यातलं एक गाव. मुक्ता, वडील माधव, आडनाव तेच. यादीत दोनदा. वरच्या मुक्ताची निवड झाली नव्हती, खालच्या मुक्ताची झाली होती. सोमवारी दोघींनीही फोनवर आपापलं नाव टाकलं असणार आणि माझ्या फाइंडनं दोघींनाही वरचीच मुक्ता दाखवली असणार. दोघींनाही 'निवड झाली नाही'.

"असं कसं असेल, सर?" मी म्हणाले.

"भावकी असती, माय. बाप मेला तर त्याचं नाव नातवाला देत्यात. दोन भावांनी आपापल्या पोराला बापाचं नाव दिलं, झाले दोन माधव. त्या दोघांनी आजीचं नाव आपापल्या पोरीला दिलं, झाल्या दोन मुक्ता. आमच्या गावात तर चार किसन हाईत."

खालच्या मुक्ताच्या अर्जातला फोन लावला. नंबर बंद. दहा वेळा लावला. संस्थेच्या माणसाला सांगून पाहिलं, तो म्हणाला, बुधवार म्हणजे बुधवार, सही मुलीचीच पाहिजे. सरांनी यादीची घडी करून पिशवीत ठेवली. "सकाळच्या गाडीनं जाऊ," म्हणाले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मी रात्री झोपले असते.

खालच्या मुक्ताची सही बुधवारी पाचच्या आत झाली, ती आज नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण मला सांगायचंय ते त्या सहीच्या आधीचं आहे.

नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर, तिथून जीप. जीपनं फाट्यावर सोडलं तेव्हा साडेबारा झाले होते. तिथंच सरांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते एक पाय ओढत मागून येत होते. मला धीर धरवेना. मी म्हणाले, तुम्ही या सावकाश, आणि जवळजवळ पळतच गावात शिरले. पारावर एक म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं, माधवरावांची मुक्ता कुठं राहते?

"ते काय, वरल्या आळीत. पत्र्याचं घर, दाराला निळा रंग हाय बगा."

मी निळं दार गाठलं. दारात एक मुलगी शेंगा फोडत होती.

"मुक्ता का तू? माधवरावांची?"

"हाव."

"अगं, तुझी निवड झालीय! वसतिगृहात! ते फोनवर आलेलं चूक होतं, आमची चूक होती. चल, आवर, पाचच्या आत सही करायचीय!"

मुलीच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. ती आधी माझ्याकडं बघतच राहिली. मग "आई!" म्हणून अशी ओरडली की शेजारच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. आई आतून धावत आली. मुलगी तिच्या गळ्यात पडली, रडली, हसली, परत रडली. आईनं मला ओळख ना पाळख, हाताला धरून आत नेलं, पाट दिला, डब्यातली साखर माझ्या तळहातावर ठेवली. "तोंड गोड करा बाई. दोन रोज झाले, पोरगी जेवली न्हाई." मुक्तानं पत्र्याची पेटी ओढली आणि कपडे घालायला सुरुवात केली. मी साखर तोंडात टाकली. कालपासून मला पहिल्यांदाच हायसं वाटलं होतं.

तेवढ्यात सर दारात आले, एक चप्पल हातात. त्यांनी पेटी पाहिली, मला पाहिलं. उंबऱ्याबाहेरच थांबून आईला विचारलं, "माय, तुमचं नाव काय?"

"सुनीता."

सरांनी पिशवीतून यादी काढली नाही. त्यांना ती पाठ होती. खालच्या मुक्ताच्या आईचं नाव रुक्मिण होतं.

सोमवारी मशीननं जी चूक केली होती तीच मी माझ्या पायांनी, माझ्या तोंडानं केली होती. पहिलं सापडलं आणि मी थांबले. मशीन बिचारं होतं. मला तर आदल्या दिवसापासून माहीत होतं की मुक्ता दोन आहेत.

सर उंबऱ्यावर खालीच बसले. "माय," ते म्हणाले, "लई मोठी चूक झाली. आमच्या हातून झाली. जागा लागली ती दुसऱ्या मुक्ताला. खालच्या आळीतल्या. तुमच्या पोरीचं नाव न्हाई."

पारावर सरांनी दोन्ही मुक्तांच्या आळ्या विचारून घेतल्या होत्या. सुनीताबाईंचा आवाज चढला. "मंग आले कशाला हितं? परवा न्हाई मनले. आता हाय मनले. आता परत न्हाई! आमच्या लेकराचा खेळ मांडला का?" त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या आणि माझ्या तोंडात त्यांचीच साखर होती. ती गिळता येईना आणि थुंकताही येईना. मी माफी मागितली बहुतेक. काय म्हणाले ते मला खरंच आठवत नाही.

मुक्ता पेटीपाशी तशीच बसून होती, हातात घडी केलेली ओढणी. तिनं आईला हातानं गप्प केलं आणि सरांना विचारलं, "समदी यादी बगितली का तुमी?"

"बगितली, बाळा."

"मला दावा."

आमच्याकडं वेळ नव्हता. पावणेदोनची जीप चुकली असती तर लातूरला पाचच्या आत पोचणं अवघड होतं. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलंच नाही. कागद काढले, तिला शेजारी बसवलं आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. वरची मुक्ता, म्हणजे ती स्वतः, दुसऱ्याच पानावर होती, पुढं 'नाही' लिहिलेलं. तिथं तिनं बोट थोडं थांबवलं. सर थांबले. मग दोघं पुढं निघाले. तिसऱ्या पानावर दुसरी मुक्ता आली, तिच्या पुढं 'हो'. तिथंही ते थांबले आणि पुढं गेले. रेणापूर, चाकूर, निलंगा, अहमदपूर, कुठकुठल्या मुलींची नावं. सर एकेक नाव बारीक आवाजात वाचत होते आणि ती एकेका नावाला मान हलवत होती. शेवटच्या पानाचं शेवटचं नाव झालं. त्याखाली कोरा कागद होता. ती त्या कोऱ्या जागेकडंही जरा वेळ बघत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. या खेपेला ते तिचं तिनं म्हटलं.

सर हातातली चप्पल सावरत उठले. मला म्हणाले, "चल, खालच्या आळीत," आणि मी उठते तोच मुक्तानं ओढणी खांद्यावर टाकली. "तुमाला घर न्हाई सापडायचं. मी येते."

वाटेत ती आमच्या पुढं चालत होती. एकदाही मागं वळली नाही. आईनं मागून हाक मारली, तिनं ओ दिली नाही. खालच्या आळीला एका घरापुढं ती उभी राहिली. मी पुढं होऊन अंगणाच्या फाटकाची कडी वाजवणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"ताई, तुमी नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते."

मग ती एकटीच अंगणात गेली आणि आपल्याच नावानं जोरात हाक मारली, "मुक्ते! ए मुक्ते! बाहीर ये की गं. तुझं नाव लागलंय!"

आतून कोणीतरी धावत आलं. सर आणि मी बाहेरच उभे होतो. मी सरांकडं वळून बघितलं, त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला होता. आत दोघी मुक्ता एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि त्यांतली कोण कशाला रडत होती ते मला बाहेरून कळत नव्हतं. थोड्या वेळानं वरच्या मुक्ताचा आवाज आला, "उठ, आवर. जीप हाय पावनेदोनची. तुझे कपडे कुठं हाईत, दाव मला."